पालखीचा पहिला खांदा

१० फेब्रुवारी १९३५, रविवार

काल मुंबईहून घरी. ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं. अंतर्गळ होता, आता नाही. कर्जत स्टेशनापासून बैलगाडीने आलो. खाली पेंढा भरपूर घातला होता, तरी वाटेतला एकही धोंडा गाडीवानाने चुकवला नाही.

गावात सांगितलं आहे की रेल्वेच्या परीक्षेसाठी लांब रजा काढून मुंबईला गेलो होतो. मी कर्जतला गुड्स क्लार्क, तेव्हा कुणाला शंका येण्याचं कारण नाही. ऑपरेशनचं घरात तिघांनाच ठाऊक: मी, आई आणि सुंदरा, म्हणजे आमची मंडळी.

लपवण्याचं कारण एकच. चैत्री पौर्णिमेला ग्रामदेवीची पालखी निघते आणि पुढच्या दांडीचा पहिला खांदा आमच्या घरचा. बाबा सांगायचे, मूर्ती भंगली की पूजेला चालत नाही, तसा सुरी लागलेला माणूस पालखीला चालत नाही. त्यांनी स्वतःचा अंतर्गळ वर्षानुवर्षं धोतराआड झाकला, पण डॉक्टरला हात लावू दिला नाही. शेवटच्या वर्षी पालखी वाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आतडं अडकून गेले. गाव म्हणतं, देवीनं नेलं. आम्हीही तेच म्हणतो.

मी शिकलेला माणूस. सुरी लावून घेतली, आता खांदाही देणार.

डॉक्टरांचा एक्सरसाइज अगदी सोपा आहे. उताणं पडून पोटात श्वास भरायचा. मग एकेक पाय सावकाश वर उचलायचा. संध्याकाळी चालायचं, रोज थोडं वाढवत. खोकला आला तर टाक्यांच्या जागी उशी दाबून खोकायचं. दिवाळीपर्यंत वजन उचलायचं नाही असंही म्हणाले. हे मुंबईच्या नाजूक लोकांसाठी असावं.

चुलत भाऊ आबाजी येऊन गेला. पालखीला माझ्यामागचा दुसरा खांदा त्याचा. माझा खांदा हुकला तर पहिला मान त्याच्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होता. नजर माझ्या खांद्यावर होती. म्हणाला, दादा, परीक्षा लई अवघड हुती वाटतं, पार वाळलास रं. मी म्हटलं, अभ्यास.

उद्या तो खालापुरास सासुरवाडीला जातो. सासऱ्याचे वाल मळायचे आहेत, शिमग्याला परत येईल. बरं झालं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

टाइमटेबल केलं. पहाटे श्वास, न्याहारीनंतर पाय, संध्याकाळी चाल. पाडव्यापर्यंत कोंडाण्याची लेणी चढून यायचं. विलपॉवर असली की सगळं होतं.

श्वास घेतला. चांगला जमला. श्वास घेता घेता झोप लागली. पोटाला विश्रांती मिळणं हाही एक्सरसाइजच.

पाय उद्यापासून. सुंदरा म्हणाली, अवो, पाय उचलायचा तर सांगितलाय, तुमची नुसती जीभ उचलतेय. तिला शास्त्र कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शेतावर पोपटी होती. पोरं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजत होती. वासाने पाय आपोआप तिकडे गेले, म्हणजे चाल झाली. दोनच शेंगा खायच्या ठरवलं होतं.

पोटात वारा धरला आहे. टाके ताणतात. हसता येत नाही, शिंकता येत नाही. खोकलो तर बाबांसारखा आवाज निघतो: आधी घशात खरखर, मग दोन ठोके. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं.

एक्सरसाइज तहकूब. कारण वाल.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. दिवेलागणी

आज खरी सुरुवात केली. घरापासून देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलो. पलीकडे डोंगर सुरू होतो. तिथे उभा राहिलो, दम खाल्ला, उशी पोटाशी धरली आणि खोकलो.

लगेच कुणीतरी खोकलं. आधी खरखर, मग दोन ठोके.

मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. करवंदीच्या जाळीत सरडा असेल. सरडा खोकत नाही हे मला माहीत आहे. घरी परतलो. येताना चाल जलद होती, म्हणजे प्रोग्रेस आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज चाल नाही. आभाळ आल्यासारखं वाटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

आभाळाचं नाव नव्हतं, म्हणून निघालो. देवळाची वाट सोडून दुसरीकडे, कर्जतच्या रस्त्याला. बरंच चाललो. पाहतो तर आपल्याच परसातल्या शेवग्यापाशी उभा!

हा चकवा. आमच्याकडे माणसाला चकवा लागतो, मग माणूस चालतो चालतो आणि जागच्या जागी येतो. आईला सांगितलं. ती म्हणाली, तू शेवग्याच्या पुढं गेलाच नव्हतास रं बाबा, मी इथंच शेणानं सारवत हुते. आईचं वय झालं.

चकव्यात चाललेलं अंतर धरायचं की नाही? धरलं.

३ मार्च, रविवार

देवळाकडे गेलो. भीती वाटते म्हणून टाळतो असं कुणी म्हणायला नको. कुणी म्हणत नाही, तरी.

खोकलो. तो खोकला. पुन्हा खोकलो, पुन्हा तो. मी गप्प राहिलो तर तोही गप्प. बाबांचंच असं होतं. आपणहून कधी बोलायचे नाहीत, आपण विचारलं तर तेवढ्यापुरतं.

मोठ्याने विचारलं, बाबा, काय पाहिजे? आवाज आला, पाहिजे.

घरी आलो. सुंदरा दारात कंदील घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. विचारलं, काय झालं. म्हणाली, कुठं काय. मी तिला काही सांगितलं नाही. बायका घाबरतात.

१० मार्च, रविवार

विचार केला. बाबांना खांदाच पाहिजे असणार, दुसरं काय. मी सुरी लावून घेतली म्हणून ते भरवसा करत नाहीत. त्यांना दाखवून दिलं पाहिजे.

म्हणून आजपासून सराव. परसात खांद्यावर मुसळ घेऊन पालखीची चाल चाललो. पालखी जड, पण मुसळही काही हलकं नाही. तीन पावलांनंतर टाक्यांच्या जागी चमक आली. मुसळ ठेवलं. आई बघत होती. म्हणाली, तुझा बापूसपण असाच मुसळ घेऊन फिरायचा. एवढंच म्हणून तांदूळ पाखडायला लागली.

पाय उचलण्याचा एक्सरसाइज मुसळात आला असं समजतो.

२२ मार्च, शुक्रवार

शिमगा झाला. आबाजी खालापुराहून आला. दोन दिवस माझ्याच ओट्यावर. माझं चालणं, बसणं, उठणं, सगळं टिपतो आहे. सुंदरेशी परसात हळूच काहीतरी बोलत होता, मला पाहून दोघं गप्प. मानासाठी माणूस घरची माणसंही फोडतो. माझी मंडळी मात्र फुटणारी नाही.

संध्याकाळी चाललो. आज नुसता खोकला नव्हता. मागे वहाणा वाजत होत्या. करकर, करकर. मी थांबलो की थांबायच्या.

ह्या वहाणा मी ओळखतो. शिळफाट्याच्या चांभाराने बाबांसाठी केल्या होत्या, कितीही तेल पाजा, करकर जाईना. बाबा गेल्यावर आईने कुणाला तरी देऊन टाकल्या. आता त्याच पायात घालून मागे येत आहेत.

मागे वळून पाहिलं नाही. भीती नव्हे. वडीलधाऱ्यांकडे रोखून पाहू नये.

२८ मार्च, गुरुवार

चार दिवस चाल नाही. ऊन फार. संध्याकाळीही फार.

पालखीची बंडी बघायला ट्रंक उघडली. आमच्या गावात गुरव पालखीच्या दांडीला तेलात कालवलेला शेंदूर माखतो. ज्याने खांदा दिला त्याच्या बंडीवर डाग उमटतो. ती बंडी धुवायची नसते, तशीच जपून ठेवायची. ट्रंकेत बाबांच्या बंड्यांची चळत आहे, वर माझ्या. बाबांची शेवटची हातात घेतली. डाग अजून लालभडक. खांद्यापासून छातीपर्यंत ओघळला आहे. त्या दिवशी ते किती घामेजले असतील.

चळतीच्या खाली नारळाची एक करवंटी सापडली, घासून गुळगुळीत केलेली, जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेली. लहानपणी वाटायचं, हे बाबांचं काहीतरी औषध उगाळायचं भांडं. आज कळलं. अंतर्गळ आत दाबून ठेवायला ते ही करवंटी जांघेत बांधत होते. शेतात, लग्नात, पालखीत. कुणाला सांगितलं नाही.

रडू आलं. टाके ताणले म्हणून.

४ एप्रिल, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली (काठी सुंदरेने उचलली, मी सूचना दिल्या). आज कोंडाण्याची लेणी चढायचा दिवस. पहाटे काठी घेऊन निघालो. विहिरीपाशी पोचलो. तिथून लेणी ज्या डोंगरात आहेत तो डोंगर स्पष्ट दिसतो. बराच वेळ पाहिला. मनाने चढलो. मन चढलं की शरीर चढतंच, फक्त थोडं मागून.

परतताना करकर, करकर. हल्ली दिवसाढवळ्याही येतात. धाडस करून म्हटलं, बाबा, पौर्णिमेला खांदा देतो, आता मागं लागू नका. वहाणा थांबल्या. कुणीतरी नाक शिंकरलं.

बाबा कधी रडत नसत. मेल्यावर माणूस हळवा होतो की काय.

११ एप्रिल, गुरुवार

मुसळानंतर पुढची पायरी, बैलांचं जू. गोठ्यात गेलो. जू उचललं नाही, नजरेने तोललं. झेपेल.

सुंदरा गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, यंदा खांदा आबाजीभावजींना द्या. मी म्हटलं, मान जाईल. ती म्हणाली, जाऊ दे मान, तुमी ऱ्हावा. असं कधी बोलली नव्हती. मग पदर तोंडात धरून आत गेली.

तिला आबाजीने फितवलं. ठाम मत.

रात्री जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

१७ एप्रिल, बुधवार

उद्या पालखी.

आज टाइमटेबल पुन्हा वाचलं. पाय उचलणं अजून सुरू व्हायचं आहे. हरकत नाही. बाबांनी कुठे पाय उचलले होते?

बाबा पालखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. जेवायला बसले होते. वालाची उसळ होती. ताटावरून उठले आणि भिंत धरली. मला म्हणाले, मालोजी, जरा खांदा दे रं. मी खांदा दिला. माझ्याच अंगावर ओझं टाकून ते खाली बसत गेले. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. गावाला वाटतं की बाबांनी शेवटचा खांदा देवीला दिला. शेवटचा त्यांनी माझा घेतला.

मला भीती वाटते. लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही. उद्याची नाही वाटत. परवाच्या दुपारची वाटते.

सुंदरेला सांगून ठेवलं, परवा वालाची उसळ करू नको.

१८ एप्रिल, गुरुवार. चैत्री पौर्णिमा. रात्री

विजय! विजय!!

आधी डॉक्टरांबद्दल. ते गाढव आहेत.

पांढरीस्वच्छ बंडी घातली. आतून बाबांची करवंटी बांधली. सुंदरेने पाहिलं आणि पट्टीची गाठ तिनेच मारून दिली. तिचे हात गार होते. देवळात जयवंता गुरवाने दांडीला शेंदूर माखला, देवी आत बसवली, गाऱ्हाणं घातलं. ढोल वाजला. मी पुढे झालो. पहिला खांदा माझा, मागे आबाजी. आबाजी माझ्या इतका जवळ उभा राहिला की त्याचा श्वास मानेवर लागत होता. म्हटलं, बघ बाबा, डोळे भरून बघ.

उचलली. आणि काय सांगू! फूल! दांडी खांद्याला लागते आहे की नाही हे हाताने चाचपून बघावं, इतकी हलकी. देवळापासून वेशीपर्यंत आणि परत. चमक नाही, ताण नाही. लोक माझ्याकडे बघत होते. म्हातारी माणसं हात जोडत होती. वेशीपाशी पालखी नाचवली, तेव्हा अगदी कानाशी कण्हल्यासारखा आवाज आला. बाबा! बाबांनी माझ्या खांद्याखाली स्वतःचा खांदा लावला होता. दुसरं काही असूच शकत नाही. मेलेला बाप मुलाच्या ओझ्याखाली उभा राहिला. मी भर ढोलात रडलो, आणि टाके अजिबात ताणले नाहीत.

पालखी ठेवल्यावर आबाजी कुठेतरी निघून गेला. तोंड दाखवायला जागा राहिली नसेल.

आता उद्याची दुपार तेवढी.

१९ एप्रिल, शुक्रवार. दुपार टळून गेल्यावर

आहे. जिवंत आहे.

दुपारपर्यंत खाटेवर पडून होतो, पोटावर हात ठेवून. जेवायला आमटी-भात. जेवलो, ताटावरून उठलो, भिंत धरून बघितली. काही झालं नाही. तेव्हा उत्साहाने बंडी ट्रंकेत ठेवायला घेतली.

खांद्यावर डाग नाही.

उजवा बघितला, डावा बघितला, उलटी करून बघितली. घामाचा पिवळा पट्टा आहे. शेंदूर नाही. वाटलं, जयवंता गुरव यंदा शेंदूर माखायला विसरला. पण मी स्वतः पाहिलं होतं माखताना. तळहाताला तर अजून लागलेला आहे.

बाहेर आलो. ओट्याखाली वहाणा काढून ठेवलेल्या. सहज पाय लावला. करकर.

माजघरात आबाजी पालथा पडला होता. आई त्याच्या खांद्याला हळद-मीठ गरम करून लावत होती. खांदा सुजून काळानिळा. बंडी खुंटीला, खांद्यापासून छातीपर्यंत लाल. मी दारात उभा. शेवटी आबाजीच म्हणाला, दादा, चिडू नको रं, मान तुझाच हाय. मी नुसता ताठ उभा ऱ्हायलो. माझी उंची वीतभर जास्त, तर दांडी तुझ्या खांद्याला टेकलीच नाय. कोणाला कळलं नाय.

मग कळलं की सगळ्यांना कळलं होतं. ऑपरेशनही सगळ्या गावाला माहीत होतं, गाडीवानाने पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हातारी माणसं हात जोडत होती ती आबाजीला.

वहाणांचं विचारलं. आईने बाबांच्या वहाणा त्यालाच दिल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या पायाला बसेनात. शिमग्यापासून तो रोज माझ्या मागे चालत होता, मी कुठे पडलो तर उचलायला. सुंदरेने पाया पडून सांगितलं होतं. मी म्हटलं, आणि शिमग्याच्या आधी? तेव्हा तर तू खालापुरात होतास. देवळामागे कोण खोकत होतं?

आबाजीने सुंदरेकडे पाहिलं. सुंदरा म्हणाली, तुमीच. देवळाच्या भिंतीवरून, डोंगरावरून तुमचाच खोकला परत यायचा. मी दारातून ऐकायची. अगदी मामंजींवानी. रोज वाटायचं, मामंजी गेले त्या वाटेनं ह्ये निघाले. म्हणून भावजी आल्याबरोबर त्यांना गाठलं.

मी सुरीच्या नेमाचं बोललो. भंगलेली मूर्ती, भंगलेला माणूस. आई हळद लावता लावता म्हणाली, असा नेम कुठला आला रं. गुरवाला इचार. तुझ्या बापाला सुरीचं भ्याव वाटायचं. मुंबईच्या दवाखान्याच्या दारातनं दोनदा माघारी आला. मग त्यानं नेम काढला. मी म्हटलं, तू त्यांना बोलली का नाहीस? ती म्हणाली, पुरुषाला भ्याव वाटतं ह्ये बायकोनं कुणाला सांगायचं?

बाबांना भीती वाटत होती. बाबांना. मला वाटायचं ती फक्त मला वाटते.

ट्रंकेपाशी बसलो. देव्हाऱ्यातली शेंदराची डबी जवळच होती. एक बोट ओढलं असतं तर काम झालं असतं, चळतीत बंडी शोभून दिसली असती. बाबांची शेवटची बंडी आणि ही, दोन्ही शेजारी मांडून पाहिल्या. एक लालभडक. एक पांढरी.

करवंटी परसात फोडली. ट्रंक बंद केली. बंडी सुंदरेकडे दिली, नेहमीच्या धुण्यात टाक म्हणून. तिने दोन्ही हातांनी घेतली आणि तोंडाशी धरून उभी राहिली.

संध्याकाळी खाटेवर उताणा पडून उजवा पाय उचलला. फार वर गेला नाही. आबाजी पलीकडच्या खाटेवरून बघत होता. म्हणाला, दादा, आता दुसरा.